टाचणीची शिकवणी

७ जानेवारी, रविवार

आज उपासनेत पाळकसाहेबांनी आम्हा म्हाताऱ्यांना चांगलंच धारेवर धरलं. वय चौतीस, दाढी अजून नीट भरलेली नाही, आणि सांगतात काय, तर निवृत्ती हा शब्द शास्त्रात कुठेच सापडत नाही. "गुडघेदुखी तरी कुठे सापडते," धाकटी बहीण माझ्या कानात पुटपुटली. हसू दाबता दाबता मला खोकला लागला.

उपासना संपल्यावर त्यांनी मला दारातच गाठलं. "बाई, तुमच्यासाठी प्रभूचं एक काम आहे. महिनाभर मी त्यासाठी प्रार्थना करतोय."

मी आधीच सांगून टाकलं, की फुलं लावणं आणि गीतांच्या पुस्तकांवरची धूळ झटकणं माझ्याच्याने होणार नाही.

"फुलं नाहीत. पक्षाघाताने एका माणसाची वाचा गेली आहे. तुम्ही ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायचात ना?"

"शिकवायचे. बावीस वर्षांपूर्वी."

मग त्यांनी नाव सांगितलं. मी पायरीचा कठडा धरला. पाळकसाहेबांना वाटलं, गुडघा.

९ जानेवारी, मंगळवार

ते नाव मी या वहीत लिहिणार नाही. शाळेतली मुलं त्याला टाचणी म्हणायची. म्हणायची म्हणजे खुणेने, दोन बोटांनी कॉलर चिमटीत धरून, कारण त्याच्या कोटाच्या कॉलरला कायम एक टाचणी खोचलेली असायची. तो आमचा मुख्याध्यापक.

दोन दिवस झोप नाही. एकदा सगळं लिहूनच काढते.

मेणबत्त्या करायचा तास होता. पातेल्यात मेण वितळत होतं आणि भोवती आठ मुलं. टाचणी दारात आला आणि त्याने मला बोट वाकवून बोलावलं. तपासणीच्या कागदावर सही हवी होती. मी म्हटलं, मेण उतरवते आणि येते. तो म्हणाला, "बाई, आत्ता." मी गेले. दोन मिनिटं. तेवढ्यात एका आठ वर्षांच्या मुलीने पातेलं ओढलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, बोटं कायमची आखडली. आमची मुलं तोंडाने थोडं आणि हातांनी भरपूर बोलायची. तिचा बोलायचा हातच गेला.

चौकशीत टाचणी म्हणाला, "मी बाईंना बोलावलं नव्हतं. त्या स्वतःहून वर्ग सोडून गेल्या." बाकीची सातही मुलं ताडकन उभी राहिली. सातांनी कॉलर चिमटीत धरली आणि बोट वाकवून दाखवलं. समितीत एकालाही खुणा येत नव्हत्या. 'मुलं घाबरली आहेत' असं लिहून घेतलं गेलं. त्या खोलीत खुणा वाचू शकणारे दोघेच, मी आणि तो. मी अर्थ सांगितला तर म्हणाले, तुम्ही तुमच्याच बाजूचं बोलणार. तो खिडकीबाहेर बघत बसला.

माझी नोकरी गेली आणि पुढे अकरा वर्षं मी पडद्यांच्या दुकानात कापड मोजलं. आणि तो चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून प्रभुभोजनाचा प्याला सगळ्यांच्या आधी ओठांना लावत राहिला.

पाळकसाहेबांना यातलं काही माहीत नाही, त्यांना इथे येऊन चारच वर्षं झाली. उद्या फोन करून नकार कळवते.

१० जानेवारी, बुधवार

फोन केला. हो म्हटलं.

सकाळी भांडी घासताना लख्ख दिसलं. बावीस वर्षं मी देवाकडे एकच मागितलं, की या माणसाच्या तोंडून खरं बाहेर पडू दे. देवाने आधी त्याचं तोंड बंद केलं आणि मग किल्ली माझ्या हातात आणून ठेवली. याहून स्पष्ट उत्तर कोणाच्या प्रार्थनेला मिळालं असेल?

त्याला एकच वाक्य शिकवायचं. 'मी बाईंना बोलावलं होतं.' ते त्याने सगळ्या मंडळीसमोर उभं राहून म्हणायचं. नंतर तो जन्मभर मुका राहिला तरी माझी काही हरकत नाही.

धाकटीला एवढंच सांगितलं, की आता सेवा करणार. ती माझ्याकडे बघत राहिली. "ताई, तुझ्या तोंडावर सेवेचं काही दिसत नाही गं."

१५ जानेवारी, सोमवार

पहिला दिवस. दार त्याच्या बायकोने उघडलं. शाळेत आम्ही सगळ्याजणी त्यांना वहिनी म्हणायचो, आजही तेच तोंडात आलं. खूप वाळल्या आहेत. बैठकीच्या खोलीत आता लोखंडी पलंग, खिडकीशी टेबल, भिंतीवर औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत.

टाचणी खुर्चीत होता. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा, तोंड एका बाजूला ओघळलेलं. मला पाहिल्यावर त्याने उठायची धडपड केली. "हा, हा, हा," एवढाच आवाज निघाला. घाबरला असेल तर उत्तम.

हॉस्पिटलातली वाचा शिकवणारी मुलगी चार वेळा येऊन गेली होती, मग तिची बदली झाली. तिने ठेवलेले कागद मी वाचून काढले. हे काम माझ्या जुन्या कामापेक्षा उलटं आहे. माझ्या मुलांची तोंडं तयार असायची, शब्द ठाऊक नसायचा. याच्याकडे शब्द आहेत, त्यांना बाहेर यायची वाट सापडत नाही.

आरसा समोर ठेवला, ओठ मिटवले, त्याचा डावा हात माझ्या गळ्याला लावला. त्या हाताचा स्पर्श मला सहन करावा लागला, हे इथे नोंदवून ठेवते. चाळीस मिनिटांनी "म्म" आलं. वहिनींच्या डोळ्यांना धार लागली. "बाई, देवानेच धाडलं तुम्हाला."

"हो, त्यानेच," मी म्हटलं. यात खोटं काही नाही.

३१ जानेवारी, बुधवार

'मी' आलं. 'बा' येतं, पण दहातून चार वेळा. आठवड्याला चार दिवस जाते. जुन्या ट्रंकेतून अक्षरांचे पुठ्ठे काढले. कडा कुरतडलेल्या होत्या, दोन संध्याकाळी बसून नवीन केले.

वहिनींनी विचारलं, "आधी 'पाणी' नाही का शिकवायचं? दिवसभर खुणा करत असतात."

"पाण्याला ग्लास दाखवता येतो, वहिनी."

माझ्या वाक्यात प नाही आणि ण नाही. मी त्याला एकही फुकटचं अक्षर देणार नाही.

आज त्याने एक केलं. वहिनी आत गेल्या तशी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या ओठांवर ठेवलं. पुन्हा तेच. मला कळलं, त्याला बायकोचं नाव हवं होतं. तीन अक्षरांचं नाव आहे, त्यात एक र आणि एक ध. मला कळलंच नाही असं मी दाखवलं. तो टेबलावर थोपटत राहिला. शेवटी म्हटलं, "नंतर." जिना उतरताना पायऱ्या कधी संपल्या कळलं नाही, इतकं हलकं वाटत होतं. एखाद्याला काही हवं असावं आणि आपण ते देऊ नये, यात मोठी गंमत आहे. हे पाप असेल तर असो, लिहून ठेवते.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पाळकसाहेब तिथे आले आणि त्यांनी सहज एक गीत धरलं. टाचणी गायला लागला! शब्दांसकट. एरवी 'बा'साठी घाम फुटतो आणि इथे सबंध कडवं. वहिनींच्या हातातली बशी पडली. मी त्या कागदांत वाचलं होतं, की गाणं डोक्यात वेगळ्या ठिकाणी राहतं. पण वाचणं वेगळं.

मग सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली, तीही त्याने अडखळत पार केली. 'आम्हीही क्षमा केली आहे' या ओळीला मी नेहमीप्रमाणे ओठ मिटून घेतले. बावीस वर्षं तसंच करते, देवाशी खोटं बोलायचं नाही म्हणून.

"मध्येच थांबलात?" वहिनींनी विचारलं.

"घसा," मी म्हटलं.

घरी येऊन गाण्याच्या चालीवर अक्षरं कशी बसवता येतील, ते लिहीत बसले. धाकटी म्हणाली, तू गुणगुणते आहेस, गेल्या कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, राग माणसाला तरुण ठेवतो. ती म्हणाली, "मग मलाही एखादा शत्रू बघून दे."

४ मार्च, सोमवार

'मी बाईंना' झालं. चालीवर आणलं, मग हळूहळू चाल काढून घेतली. 'बोलावलं'मध्ये ल आणि व एकमेकांच्या पायांत येतात.

निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या आणि दार ओढून घेतलं. त्यांच्या पोटात गाठ आहे. एकोणीस तारखेला ऑपरेशन. त्याला फक्त तपासणी म्हणून सांगितलं आहे.

"बाई, चोपन्न वर्षं त्यांनी मला नावाने हाक मारली. भांडतानासुद्धा नावानेच. आता सात महिने नुसतं हा, हा. मी आत जाण्याआधी एकदा त्यांच्या तोंडून... होईल का तेवढं?"

"बघते," मी म्हटलं.

हिशेब सरळ आहे. नावाला हात घातला, की वाक्य मागे पडणार. आधी वाक्य, मग उरलेल्या दिवसांत नाव. अजून पंधरा दिवस आहेत. वहिनींनी माझं काही वाईट केलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण मला घरी पाठवलं त्या दिवशी त्यांनीही दार उघडून विचारलं नव्हतं, की काय झालं.

१२ मार्च, मंगळवार

आल्या आल्या लिहायला बसले आहे.

'बोलावलं' आज पहिल्यांदा अखंड आलं. मी मनातल्या मनात टाळी वाजवली आणि 'होतं'साठी ह काढायला पेटीत हात घातला. त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. मग दोन महिन्यांत मी वापरलेले सगळे पुठ्ठे त्याने एकेक करून टेबलावर मांडले. म. ब. न. ल. व. पेटीतून ह आणि त स्वतः शोधून काढले आणि ओळीच्या शेवटी ठेवले. माझ्याकडे बघितलं. दोन बोटांनी शर्टाची कॉलर चिमटीत धरली आणि बोट वाकवलं.

त्याला माहीत होतं. मी कोणतं वाक्य बांधते आहे, हे त्याला पहिल्या आठवड्यापासून माहीत असणार. आयुष्य बोलायच्या शाळेत गेलं त्याचं. 'म' नंतर 'प' न घेता मी 'ब' आणि 'न' का घेतले, हे त्याला कळणार नाही तर कोणाला? आणि तरी तो रोज माझ्याआधी खुर्चीत येऊन बसायचा.

मग त्याने ते पुठ्ठे हाताने बाजूला सारले, स्वयंपाकघराकडे बोट केलं आणि ओठांवर ठेवलं. नमस्काराला उजवा हात उचलला जात नाही म्हणून डावाच कपाळाला लावला. माझ्यापुढे.

मी पिशवी उचलली आणि निघून आले. दारातून वहिनी काहीतरी विचारत होत्या.

मला संताप आलाय. सूड त्याच्या नकळत घ्यायचा होता. तो स्वतःच्या पायांनी चालत येऊन मान पुढे करत असेल, तर त्याला सूड कसं म्हणायचं? ही चोरीच झाली. नोकरी नेली ती नेली, आता हेही नेलं.

१४ मार्च, गुरुवार

दोन दिवस गेले नाही. आज धाकटीला सगळं सांगितलं, वाक्यासकट. तिने शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"म्हणजे वहिनींनी मागितलं तरी तू दिलं नाहीस?"

"देणार होते. नंतर."

"पाच दिवस राहिलेत, ताई. नंतर म्हणजे कधी? त्या ऑपरेशनच्या टेबलावरून परत आल्या नाहीत तर?"

"तुला बावीस वर्षांत माझी बाजू कधी घ्यावीशी वाटली नाही का?"

आता तिने शेंगा खाली ठेवल्या. "तुझी बाजू मी रोज घेतलीये. त्या माणसाला रस्त्यात बघून मी फुटपाथ बदलते. पण वर्गात बसलेला विद्यार्थी एक शब्द मागतोय आणि तू देत नाहीस. मग तू बाई आहेस, की फिर्यादी?"

मी शेंगा उचलून स्वयंपाकघरात गेले. भाजी बेचव झाली.

१८ मार्च, सोमवार

शुक्रवारपासून रोज दोन वेळा गेले. वहिनींना बाजारात नाहीतर शेजारी पाठवायचं आणि दार लावून घ्यायचं. र म्हणजे अगदी डोंगर. जीभ टाळूला लागते पण थरथरत नाही. आधी त्या गीताच्या चालीत नाव बसवलं, तीन सुरांत तीन अक्षरं. काल 'ध'च्या जागी 'द' आला. आज दहातून तीनदा बरोबर.

त्याच्याशी कामापुरतंच बोलते. त्याने एकदा माझ्या हातावर हात ठेवायला पाहिलं. मी हात काढून घेतला. तेवढं मला नको आहे.

१९ मार्च, मंगळवार

सकाळी सातला पाळकसाहेब गाडी घेऊन आले. वहिनींची छोटी बॅग दाराशी तयार. त्याला काल संध्याकाळी त्यांनी खरं सांगितलं होतं. डोळे सुजलेले होते दोघांचे.

तो काठी टेकून उभा राहिला. तोंड उघडलं. "हा." पुन्हा, "हा, हा." मला वाटलं, गेलं सगळं. वहिनी हसून म्हणाल्या, "राहू द्या हो, येतेच आहे मी," आणि चप्पल घालायला वाकल्या. मी त्याच्या मागे उभी होते. चाल हळूच धरली, नुसती चाल, शब्द नाहीत. पहिला सूर. दुसरा.

आणि त्याने हाक मारली. तीन अक्षरं. ध चा द झाला होता, पण हाक होती, घरातल्या माणसाला घरातून मारतात तशी.

वहिनी वाकलेल्याच राहिल्या. एक चप्पल पायात आणि एक हातात. मग म्हणाल्या, "काय ओरडताय? इथेच आहे ना मी." आणि त्याच्या छातीला डोकं टेकून रडल्या.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. त्या मोजल्या. सहा.

२४ मार्च, रविवार

गाठ निघाली. वेळेत निघाली, असं डॉक्टर म्हणाले. उपासनेत उपकारस्तुती झाली. पाळकसाहेबांनी वेदीवरून माझं कौतुक केलं, ते मला अजिबात आवडलं नाही. ज्या गोष्टीचं कौतुक होतंय, ती मी दीड महिना दाबून धरली होती. लोकांचं सोडा, देवाने तरी तेव्हा कान बंद करून घेतले असतील तर बरं.

२ एप्रिल, मंगळवार

आज त्याला स्पष्ट सांगितलं. "ते वाक्य सोडून दिलं आहे मी. तुमच्या मेहेरबानीची कबुली मला नको. आता 'पाणी' घेऊ, 'औषध' घेऊ."

त्याने काठी जमिनीवर आपटली. पेटीतून पुठ्ठे काढून पुन्हा तीच ओळ मांडली आणि ह वर बोट ठेवून बसून राहिला. मी 'पा' म्हटलं. तो गप्प. मी पुन्हा 'पा' म्हटलं. त्याने बोट हलवलं नाही. शाळेतही असाच हट्टी होता मेला.

अर्धा तास असा गेला. शेवटी मी म्हटलं, "तोंड उघडा. ह म्हणजे नुसता श्वास. आरशावर वाफ आली पाहिजे."

५ मे, रविवार

आज झालं.

ऑपरेशननंतर वहिनी पहिल्यांदाच चर्चमध्ये आल्या. पाळकसाहेब म्हणाले, कोणाला साक्ष द्यायची आहे? टाचणी काठी टेकून उठला. सगळ्या माना वळल्या, गेल्या ऑगस्टनंतर चर्चमध्ये कोणी त्याचा शब्द ऐकला नव्हता. तो मंडळीकडे वळला आणि म्हणाला, एकेक शब्द वेगळा, दगड उचलून ठेवावेत तसा:

"मी. बाईंना. बोलावलं. होतं."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला आधी कळेना. मग शेजारची बाई म्हणाली, "किती छान! म्हणजे यांनीच तुम्हाला शिकवायला बोलावलं होतं होय!" आणि डोकं एकदम थंड पडलं. सगळ्यांना वाटलं, तो माझे आभार मानतोय. चार महिने मी एक वाक्य बांधलं आणि ते असं बांधलं, की त्याच्यावर टाळ्या पडाव्यात! पाळकसाहेब तर डोळे पुसत होते.

टाचणी मान हलवत होता, नाही, नाही. "मी. बाईंना," पुन्हा सुरू केलं. टाळ्या आणखी वाढल्या. कोणीतरी प्रेमाने त्याला खाली बसवायला गेलं. त्याने काठी आडवी धरली.

वहिनींनी मात्र टाळी वाजवली नव्हती. त्या त्याच्याकडे बघत होत्या. मग उठल्या, पोटावर हात धरून, आणि म्हणाल्या, "थांबा सगळे. ते आभार मानत नाहीयेत. त्यांना बोलू द्या."

टाचणीने माझ्याकडे पाहिलं. मी हललेही नाही. हे मी नाही सांगणार, मी ठरवलं, मी तेव्हा सांगितलं होतं.

त्याने काठी वहिनींच्या हातात दिली. दोन बोटांनी कॉलर चिमटीत धरली. बोट वाकवलं. मग आखडलेल्या उजव्या हाताला डाव्या हाताने उचललं आणि कोपरापर्यंत बोट फिरवलं. "मी. बोलावलं. होतं," तो म्हणाला. आणि मी कधीच न शिकवलेला एक शब्द, "खोटं."

मागच्या बाकावर चौकशी समितीतला एक म्हातारा बसतो. त्याने चष्मा काढला.

या क्षणाची मी बावीस वर्षं तालीम केली होती. कोण कसं माझ्याकडे वळेल, मी मान कशी ताठ ठेवीन. आणि तो क्षण आला तेव्हा माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं, एवढंच आलं, की 'होतं'मधला ह किती स्वच्छ लागला! आणि 'खोटं'मधला ख त्याला कुठून सापडला?

६ मे, सोमवार

दिवसभर दार वाजत होतं. समितीतला म्हातारा आला. "आम्हाला खुणा येत नव्हत्या हो, बाई."

"शिकायच्या होत्या," मी म्हटलं आणि पाणीसुद्धा विचारलं नाही. फार बरं वाटलं.

पाळकसाहेब आले, चेहरा पडलेला. "मला ठाऊक असतं, तर मी तुम्हाला हे काम सांगितलंच नसतं."

"म्हणूनच तर मी बोलले नाही," मी म्हटलं. ते बिचारे बिस्किट खात बसले.

हात भाजलेल्या त्या मुलीला मोबाईलवर निरोप पाठवला. ती आता तीस वर्षांची आहे, छापखान्यात पुस्तकं बांधते, आणि डाव्या हाताने बोलायला तिने स्वतःच शिकून घेतलं. मी कॅमेऱ्यासमोर कॉलर चिमटीत धरली, बोट वाकवलं, आणि 'त्याने कबूल केलं' अशी खूण केली. तासाभराने तिचं उत्तर आलं. एकच खूण. उशीर.

माफ केलं का, म्हणून धाकटीने विचारलं. नाही केलं. मुलीच्या वाटचं मी कसं माफ करणार, आणि माझ्या वाटचं अजून कुठेतरी अडकून बसलंय. उद्या मात्र जायचं आहे. 'पाणी' राहिलं आहे.

२३ मे, गुरुवार

हॉस्पिटलातून निरोप आला होता, चर्चमागच्या खोलीत तुम्ही वाचा शिकवता असं कळलं, आणखी काहीजणांना पाठवू का. मी अशी कुठली खोली उघडलेली नाही. पाळकसाहेबांनी परस्पर सांगितलेलं दिसतं. भांडायला गेले, तर खोली झाडून, टेबल मांडून तयार.

आज पहिला आला. साठ-पासष्टचा, बसवर कंडक्टर होता, सोबत त्याची बहीण. माझा त्याच्यावर कसलाही राग नाही. त्याने माझं काही केलेलं नाही. आणि म्हणूनच की काय, टेबलापाशी बसल्यावर मला सुरुवात सुचेना. इतके महिने कोणतं अक्षर आधी आणि कोणतं नंतर, ते माझा राग ठरवत होता. पुठ्ठे नुसते हातात धरून बसले.

शेवटी विचारलं, "नाव काय तुमचं?"

"पुढे चला," तो म्हणाला.

बहीण कानकोंडी झाली. "एवढं एकच राहिलंय हो त्याच्याकडे. भूक लागली तरी तेच, रडू आलं तरी तेच."

"घरी कोण कोण असतं?" मी विचारलं.

"पुढे चला, पुढे चला." डोळ्यांत पाणी आणि आवाज मात्र भर गर्दीतल्यासारखा खणखणीत.

मला कोणी उपदेश केलेला आवडत नाही. पण या माणसाकडे दुसरं वाक्यच नव्हतं, त्याला काय बोलणार. "बरं, चला," मी म्हटलं, खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि विचारलं, की त्याला सगळ्यात आधी कोणता शब्द हवा आहे.